आठवड्यातून तीनदा सोलापूरला थेरपीला नेते. वीस गुंठे विकून स्टेम सेल करावं का?

शिवारातली

नमस्कार. इथले जुने धागे दोन महिने वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. मोबाईलवर टाईप करतेय आणि पोरगा मांडीवर आहे, चुका सांभाळून घ्या.

आम्ही कुर्डुवाडीपासून नऊ किलोमीटरवर शेतातल्या वस्तीवर राहतो. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा, घरात त्याला दादू म्हणतात. एकतिसाव्या आठवड्यात झाला, वजन १ किलो ३५० ग्रॅम, ३८ दिवस काचेच्या पेटीत होता. दीड वर्षाचा झाला तरी बसेना म्हणून एमआरआय केला, तेव्हा सेरेब्रल पाल्सी असल्याचं कळलं, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाली बिघडतात ते. स्पास्टिक डायप्लेजिया. दोन्ही पाय ताठ. हात बरे आहेत, डावा जरा मागे. बोलणं एकदम स्वच्छ, रेल्वेत बसला की पुढचं स्टेशन कुठलं ते शेजारच्यांना सांगत बसतो.

आता तो दोन्ही पाय मागे दुमडून बसतो, बेडकासारखा पुढे सरकतो. खाटेला धरून उभा राहतो पण चवड्यावर, आणि गुडघे एकमेकांवर चढतात. धरून तीन-चार पावलं टाकतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सोलापूर. सकाळी सहाला मालक गाडीवर स्टेशनला सोडतात. परत यायला तीन वाजतात. थेरपी पाऊण तासाची, एका वेळचे ४५० रुपये. त्या पाऊण तासातला अर्धा तास तो रडतो. पाय ताणायला घेतले की माझ्या पदराला धरून "आई, घरी चल" म्हणतो. मी बाहेर जाऊन उभी राहते. दोन वर्षं हेच चाललंय. फरक आहे, नाही असं नाही, पण सगळे विचारतात तो फरक नाही. सगळे एकच विचारतात, चालतो का?

आता दिरांनी एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची माहिती काढलीय, तिथे स्टेम सेल करतात, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडतात. साडेचार लाख. सासरे म्हणतात रस्त्याकडचे वीस गुंठे काढू, नातवापुढे जमीन काय. मालक गप्प आहेत. सगळ्यांनी माझ्यावर सोडलंय.

मला विचारायचंय ते असं. स्टेम सेलचा खरंच उपयोग झालेलं कुणी आहे का? सोलापूरच्या फेऱ्या कमी केल्या तर मुलाचं नुकसान होईल का? आणि तिथल्या मॅडम म्हणतात ऑक्युपेशनल थेरपीही सुरू करा, आणखी ४५० रुपये. तिला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात असं कळल्यावर सासऱ्यांनी विचारलं, चार वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय? मलाही सांगता आलं नाही.

नाशिकची_आई

अगं, तुझं लिहिलेलं वाचून मी गॅस बंद करून बसले. ते बाहेर जाऊन उभं राहणं मी चार वर्षं केलंय. माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे, अकरावी कॉमर्स. त्यालाही डायप्लेजिया. घरात कुबड्यांवर चालतो, बाहेर व्हीलचेअर. त्यामुळे मी जे सांगते ते एका घरातलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाच.

आधी जमिनीचं. विकू नका. मी जमीन नाही विकली, पण पाटल्या विकल्या. मुलगा पाच वर्षांचा असताना एका ठिकाणी ऑक्सिजनच्या बंद टाकीत बसवायचे, ४० वेळा. डॉक्टरांनी आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ दाखवले होते. आम्ही दोघं माय-लेक लॉजवर राहिलो. चाळीस दिवसांनी तो थोडा जास्त वेळ बसायला लागला असं मला वाटलं, आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, हा तर आधीही एवढाच बसत होता. त्या खरं बोलत होत्या. मी त्यांच्यावर आठवडाभर चिडून होते.

आता तुझा खरा प्रश्न, फेऱ्यांचा. मी दोन ते सहा या वयात मुलाला रोज थेरपीला नेलं. ते टाकीचे चाळीस दिवस सोडले तर एकही दिवस चुकवला नाही, दिवाळीतसुद्धा. तिथे गादीवर झोपवायचे, पाय ताणायचे, बॉलवर पालथं घालायचे. तो रडायचा. पुढे पुढे जिन्याशी पोहोचलो की त्याचं सगळं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. ताठरपणा घालवायला न्यायचं आणि तो जिन्यातच ताठ व्हायचा. मला हे कळत होतं, पण थांबले तर मी आळशी आई ठरेन अशी भीती होती. ही भीती तुलाही असणार म्हणून सांगते.

सहाव्या वर्षी सरकारी रुग्णालयात दाखल्यासाठी गेलो होतो. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "तुला याच्याकडून काय व्हायला हवंय?" मी म्हटलं, चालायला हवाय. त्या म्हणाल्या, "ते ठीक. उद्या सकाळी काय व्हायला हवंय?" मला उत्तरच सुचेना. मग त्यांनी सकाळी उठल्यापासूनचं सगळं विचारलं. कोण उठवतं, संडासला कसं नेता, चड्डी कोण घालतं, अंघोळ कशावर बसवून, चहा कशातून पितो. अर्धा तास नुसतं विचारत होत्या. शेवटी माझ्याच तोंडून निघालं की त्याने स्वतःची चड्डी वर ओढली तरी माझी कंबर वाचेल.

त्यावर आम्ही चार महिने काम केलं. चार महिने एका चड्डीवर! त्याला कोपऱ्यात पाटावर बसवायचं, पाठ आणि एक खांदा भिंतीला. सैल इलॅस्टिकची चड्डी, पुढच्या बाजूला लाल दोरा शिवलेली. पहिल्यांदा सगळं मी करायचं आणि कमरेपाशी शेवटचा ओढा त्याने मारायचा. ते जमलं की मांडीपासून त्याने. मग गुडघ्यापासून. म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवायचं, म्हणजे प्रत्येक वेळी "झालं!" हे त्याच्या हातून होतं. त्यासाठी त्याला एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर वजन घ्यावं लागायचं, कमरेत वळावं लागायचं, दोन्ही हात एकदम वापरावे लागायचे. बॉलवर पालथं घालून जे चार वर्षं करायला बघत होते तेच, पण इथे तो स्वतः करत होता आणि रडत नव्हता. ज्या दिवशी पूर्ण जमलं त्या दिवशी त्याने ती चड्डी सात वेळा काढली आणि सात वेळा घातली.

तर तुझ्या सासऱ्यांना सांग, माणूस दिवसभर जो उद्योग करतो तो इथला व्यवसाय. जेवणं, कपडे घालणं, अंघोळ, खेळणं, पुढे लिहिणं. चार वर्षांच्या पोराचा मोठा उद्योग खेळणं हाच. आपल्याकडे या विद्येचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते कमलाबाई निंबकरांनी केलं. मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झाल्या. फलटणच्या निंबकरांच्या घरातल्या. तुमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना फलटणचे निंबकर माहीत असतात, शेळ्या-मेंढ्या आणि बियाण्यांमुळे. सासऱ्यांना हे सांगितलंस तर त्यांना ती थेरपी परकी वाटणार नाही.

घरी काय करायचं ते तुझ्या थेरपिस्टकडून शिकून घे. पण आम्ही जे केलं ते सांगते, त्यातलं तुला चालेल ते विचारून घे.

उभं राहणं. गुडघ्याला बांधायचे कॅनव्हासचे गेटर असतात, आत पट्ट्या घातलेले. ते बांधून, पायात स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा साचा) घालून, त्याला ओट्याशी उभा करायचो. उंची पुरावी म्हणून खाली फळी. नुसतं उभं केलं की दोन मिनिटांत "बास". म्हणून त्याच्यापुढे काम ठेवायचं. मटार सोलायला, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला, पोह्यातले खडे बघायला. वीस मिनिटं कधी झाली कळायचं नाही. तुमच्याकडे तर शेंगा असतील. शेंग फोडणं म्हणजे अंगठा आणि दोन बोटं, आणि दुसऱ्या हाताने धरणं. दादूचा डावा हात मागे आहे म्हणतेस, त्याला याहून चांगलं काम मिळणार नाही.

बसणं. पाय मागे दुमडून बसतो तेव्हा रागावून काही होत नाही, त्याला तेच सोपं पडतं. सुताराकडून छोटा पाट करून घे, पाय जमिनीला टेकतील एवढा उंच. त्यावर बसवून समोर चौरंग. जेवण, चित्रं, सगळं तिथेच. आमच्या घरी तो पाट अजून आहे, आता त्यावर कुंडी ठेवलीय.

अंगणात दोन बांबू समांतर रोवून घ्या, त्याच्या कमरेच्या उंचीला. एका टोकाला शेळी बांधा. आम्ही फ्लॅटमध्ये होतो, शेळी नव्हती, माझ्या मनात मात्र नेहमी यायचं.

आणि एक चूक माझी, ती तू करू नकोस. खुब्याचा एक्स-रे. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगा आठ वर्षांचा असताना मांडी बदलताना ओरडायला लागला. एक्स-रे काढला तर डावा खुबा निम्म्याच्या वर बाहेर. नवव्या वर्षी हाड कापून ऑपरेशन, सहा आठवडे प्लॅस्टर. वेळेवर कळलं असतं तर कदाचित लहान ऑपरेशनवर भागलं असतं. दादूचा खुब्याचा एक्स-रे झालाय का? नसेल तर सोलापूरच्या पुढच्या फेरीत आधी तो काढ.

फेऱ्यांचं माझं मत, आठवड्याला तीनऐवजी एक ठेव. पण त्या एका फेरीत तू आत बसायचं. बाहेर उभी राहू नकोस. तुझे हात शिकले पाहिजेत. उरलेले दोन दिवस त्याला अंगणवाडीत घाल.

फिजिओ_यवतमाळ

ताई, मी सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करतात तिथे, फिजिओथेरपिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. मुलाला न तपासता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना लागू आहेत.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून दादू बहुधा तिसऱ्या पातळीत बसेल. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या मानतात, या वर्गवारीला जीएमएफसीएस म्हणतात. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये ही पद्धत मांडली. पहिल्या पातळीतलं मूल बिनाधार चालतं, तिसऱ्यातलं वॉकर किंवा काठ्या घेऊन घरात-शाळेत चालतं आणि लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची वापरतं, पाचव्यातल्या मुलाला मानही सावरणं अवघड जातं. पुढच्या भेटीत थेरपिस्टना थेट विचारा, "याची पातळी कोणती?" हा प्रश्न आईबाप विचारत नाहीत आणि आम्हीही टाळतो, कारण उत्तराने आईचा चेहरा उतरतो. पण पातळी कळली की कशासाठी धडपडायचं ते कळतं. त्याच गटाने २००२ मध्ये शेकडो मुलांचा माग काढून दाखवलं की उठणं, बसणं, चालणं अशा मोठ्या हालचालींत मुलं पाच वर्षांच्या आतच आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचतात. तिसऱ्या पातळीत तर त्याच्याही आधी. हे वाचून घाबरू नका. हातांची कामं, बोलणं, शिकणं, स्वतःचं स्वतः करणं याला ही मर्यादा लागू नाही. अर्थ एवढाच की आता त्याच्या हाती मागून ओढायचा वॉकर द्या. "वॉकर दिला तर सवय लागेल, मग बिनाधार चालणार नाही" असं म्हणून दोन-दोन वर्षं वाया घालवलेली मुलं मी बघतो. तेवढ्या काळात ते मूल वॉकर घेऊन अंगणभर फिरलं असतं.

खुब्याबद्दल नाशिकच्या ताईंनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या पाहणीत एकूण मुलांपैकी ३५ टक्के मुलांचा खुबा सरकलेला आढळला. पहिल्या पातळीत एकही नाही, तिसऱ्यात ४१ टक्के, पाचव्यात ९० टक्के. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. एक्स-रे लागतोच, आणि तो दर सहा महिन्यांनी की वर्षाने हे हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मूल सरळ झोपवून, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या वर बघतील असे पाय ठेवून काढायला सांगा, नाहीतर मोजमाप चुकतं.

पाय ताणण्याविषयी. दुसऱ्याने हाताने ताणून मिळालेली लवचिकता फार टिकत नाही. स्प्लिंट घालून तास-तास राहणं, गेटर बांधून उभं राहणं याचा उपयोग जास्त. चवड्यावर जास्तच चालत असेल तर पोटरीत बोटुलिनमची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देतात, परिणाम साधारण तीन महिने टिकतो. त्या तीन महिन्यांत स्प्लिंट आणि सराव केला तरच पैसे वसूल. टाचेची शीर लांब करायचं ऑपरेशन मात्र एवढ्या लहान वयात घाईने करू नका. डायप्लेजियाच्या मुलांत शीर गरजेपेक्षा लांब झाली तर पुढे गुडघे वाकवून चालायची वेळ येते, आणि ते सुधारणं फार कठीण.

आता स्टेम सेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात की मान्यताप्राप्त चाचणीच्या (म्हणजे संशोधनासाठी रुग्णांवर केलेल्या अभ्यासाच्या) बाहेर रुग्णाला स्टेम सेल देणं अनैतिक आहे, तो गैरव्यवहार समजला जाईल. मान्यता आहे ती रक्ताच्या ठरावीक आजारांत अस्थिमज्जेच्या पेशी द्यायला. सेरेब्रल पाल्सी त्यात नाही. चाचणी खरी असेल तर त्यात सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे मागत नाहीत. साडेचार लाख मागितले यातच उत्तर आलं. दिरांना हे माझ्या नावाने सांगा, तुमच्यावर राग नको.

ऑक्सिजनच्या टाकीचंही सांगतो. कॅनडात १११ मुलांवर अभ्यास झाला, २००१ मध्ये छापून आला. निम्म्या मुलांना दाबाखालचा ऑक्सिजन, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले. आईबाप मुलाबरोबर तासन् तास बसले, इतर मुलांत मूल मिसळलं, आशा होती, यानेही मूल पुढे जातं. म्हणून ते आधीचे-नंतरचे व्हिडिओ खोटे नसतात, पण ते टाकीमुळे झालं असं त्यातून सिद्ध होत नाही.

पैशांचं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं, तेच अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांच्याकडून पुढच्या शासकीय केंद्राची चिठ्ठी घ्या, तिथे थेरपी मोफत. दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर ते आधी. मग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा काढा, सेरेब्रल पाल्सी त्यात येते. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधीचा आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, थेरपीचा काही खर्चही मिळतो. बिलं जपून ठेवा. दादू पाच वर्षांचा झाला की त्याला रेल्वेचं तिकीट लागेल. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला सेकंड आणि स्लीपरला ७५ टक्के सवलत असते, त्याचा वेगळा नमुना सरकारी डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो.

दोन_काठ्या

मी २८ वर्षांचा आहे, सांगलीत एका सहकारी संस्थेत हिशेब लिहितो. डायप्लेजिया. वरचं सगळं आयांनी आणि डॉक्टरांनी लिहिलंय, म्हणून गादीवर झोपलेल्याच्या बाजूने थोडं.

काकी, दादूला बोलता येतं ना? मग पाय हातात घेण्याआधी त्याला सांगायला सांगा. "आता उजवा पाय घेतो, दहा आकडे म्हणेपर्यंत धरतो, मग सोडतो." आणि दहाला सोडायचंच. माझ्या लहानपणी एक सर दहा म्हणायचे आणि पंधरापर्यंत धरायचे. तेव्हापासून दवाखान्यात कुणी आकडे मोजायला लागलं की अजूनही माझे दात आवळतात. दुसऱ्या एक बाई होत्या, त्या मलाच मोजायला लावायच्या. त्यांच्याकडे मी कधी रडलो नाही.

माझ्या घरच्यांनी चालण्यावर सगळं लावलं. आठवीपर्यंत रोज दोन तास. शाळेची पहिली तासिका कायम बुडायची, गणिताची. मी चालायला शिकलो, काठ्या घेऊन. त्याचं मला सुख आहे, खोटं बोलणार नाही. पण माझा हात लिहिताना आखडतो हे दहावीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष पायांकडे. लेखनिक आणि जादा वेळ मिळतो हे आम्हाला बोर्डाचा फॉर्म भरताना कळलं. दादूचा डावा हात मागे आहे असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणून हे सांगतोय.

कॉलेजात पहिलं वर्ष मी स्टँडपासून वर्गापर्यंत काठ्यांवर जायचो. अर्धा किलोमीटर. पोहोचायचो तेव्हा शर्ट पिळून निघालेला, हात थरथरत असायचे, पहिला अर्धा तास काही डोक्यात जायचं नाही. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड'च्या एका कार्यक्रमाला गेलो. नसीमा हुरजूक दीदी तेव्हा स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून एवढी मोठी संस्था चालवायच्या, वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गात काजूचा कारखाना. तिथे पोरं खुर्च्यांवरून सुसाट फिरत होती, जेवणाची ताटं मांडीवर घेऊन. घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, मला खुर्ची पाहिजे. ते दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना वाटलं, एवढी वर्षं केलेलं पाण्यात गेलं. मी खुर्चीवरून कॉलेजला जायला लागलो आणि त्या वर्षी मला पहिल्यांदा फर्स्ट क्लास मिळाला, तेव्हा त्यांनीच खुर्चीच्या चाकांना तेल घातलं.

आणि अंगणवाडीत घाला, हे अगदी खरं. मला पहिला मित्र सातव्या वर्षी मिळाला. तोपर्यंत मला ओळखणारे सगळे लोक पांढऱ्या कोटातले होते.

शिवारातली

ताई, डॉक्टर, भाऊ, सगळं रात्री मालकांना वाचून दाखवलं. ते लिहितवाचत नाहीत फार, पण भाऊंचं दोनदा वाचायला लावलं. खुर्चीच्या चाकांना तेल घातलं तिथे उठून बाहेर गेले.

काल शुक्रवार होता. मी आत बसले. मॅडमना आधी सांगितलं की दादूला मोजू द्या. त्याला वीसपर्यंत येतात, पण मुद्दाम हळू मोजत होता की काय कोण जाणे, मॅडम म्हणाल्या आजवर एवढा वेळ याने पाय धरूच दिला नव्हता. रडला, पण शेवटी शेवटी. मी पातळी विचारली. तिसरी. मला वाटलं होतं ऐकून पायाखालची जमीन सरकेल. तसं झालं नाही, कारण तुमच्याकडून आधीच ऐकलं होतं. मॅडमच म्हणाल्या, तुम्ही विचारलं ते बरं झालं. त्यांनी हप्त्याला एक दिवस मान्य केलंय, आणि त्या एका दिवशी अर्धा वेळ मला शिकवणार.

एक्स-रे काढला. वाट्या वर करूनच काढला, मी बघत उभी होते. हाडांचे डॉक्टर मंगळवारी बघणार.

दिरांना डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी त्या दवाखान्यात फोन लावला आणि विचारलं, ही चाचणी आहे का उपचार? तिकडून सांगितलं की समोरासमोर बोलू. दीर अजून पूर्ण पटलेत असं नाही, पण सासऱ्यांनी सातबारा परत पेटीत ठेवला. त्यांना फलटणच्या निंबकरांचं सांगितलं तर म्हणाले, त्यांच्या मेंढ्या आम्ही बघायला गेलो होतो की! आणि स्वतःच शेंगांचं पोतं ओढून दादूसमोर ठेवलं. दादूने सात शेंगा फोडल्या, पाच खाल्ल्या. डाव्या हाताने धरायला विसरतो, मग आजोबा नुसतं म्हणतात, "दुसरा गडी कामाला लाव."

अंगणवाडीच्या ताई सोमवारपासून पाठवा म्हणाल्या. मदतनीस बाई संडासाचं बघायला तयार नव्हत्या, तेव्हा मी पहिले पंधरा दिवस तिथेच बसणार आहे. चड्डीला लाल दोरा शिवलाय.

सुतार उद्या येतोय. नाशिकच्या ताई, पाटाचं विचारायचं होतं. बसवून मोजलं, गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून टाचेपर्यंत नऊ इंच भरलं. पाटाची उंची नऊच ठेवायची ना?

नाशिकची_आई

स्प्लिंट आणि बूट घालून मोजलंस का? नसेल तर आता घालून परत मोज. आमचा पहिला पाट त्यामुळेच पाऊण इंच बुटका झाला होता.